मागचं चाक न खोलता ट्यूब बदलायची सोय: दोन टोकांच्या ट्यूबचा पावसाळाभरचा अनुभव

ज्यांच्या सायकलला मागच्या चाकात हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसवलेली विजेची मोटर) आहे त्यांनी ही दोन टोकांची ट्यूब घ्यावी. साध्या सायकलवाल्यांनी घेऊ नये, उगाच पैसे जातील. महिन्याभरापूर्वी विचारलं असतंत तर मी कुणालाच घेऊ नका म्हटलं असतं.

मुलुंड ते विक्रोळी एलबीएस रोडने रोज जाणाऱ्याला पंक्चर काही नवीन नाही. ट्रकच्या फाटक्या टायरमधल्या बारीक तारा रस्त्यावर पडलेल्या असतात, पावसात तर त्या दिसतही नाहीत. नाक्यावरचा पंक्चरवाला चाक खोलत नाही. ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढतो, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, घासून सोल्युशन लावतो, पॅच मारतो. पण माझ्या ट्यूबचा वाल्व्हच बुडापासून फाटला. तिथे पॅच धरत नाही, ट्यूबच बदलावी लागते. आणि गोल ट्यूब बदलायची म्हणजे अख्खं चाक बाहेर काढणं आलं.

हब मोटरचं चाक काढायचं तर वायर धरून ठेवणारे टाय कापा, कनेक्टर सोडवा, जाड अ‍ॅक्सलचे, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचे, नट सैल करा. खरी भीती वॉशरची. अ‍ॅक्सल जागच्या जागी फिरू नये म्हणून तिथे खाच असलेला वॉशर असतो. तो परत बसवताना नीट बसला नाही, तर मोटरच्या जोराने अ‍ॅक्सल फिरतो आणि त्यातून जाणारी वायर पिळवटून तुटते. जिथे सायकल घेतली तिथल्या सर्व्हिसवाल्यांनी चाक काढण्या-बसवण्याचे इतके पैसे सांगितले, की तेवढ्यात साध्या तीन ट्यूब आल्या असत्या. वर म्हणाले, ‘‘मॅडम, वायरचं काही झालं तर आमची जबाबदारी नाही.’’ चाक तुम्ही खोलणार, पैसे तुम्ही घेणार, मग जबाबदारी कोणाची? त्यांनी उत्तर दिलं नाही. मी सायकल ढकलत घरी आणली.

दोन टोकांची ट्यूब गोल नसते. सरळ पट्टा, दोन्ही टोकं बंद, आणि टायरमध्ये हवा भरली की टोकं एकमेकांवर दाबून बसतात. काळबादेवीला दोन-तीन दुकानांत विचारलं, कुणाकडे नव्हती, शेवटी ऑनलाइन मागवली. साध्या ट्यूबच्या चौपट किंमत पडली आणि ती मला फार लागली.

बसवायला मात्र खरंच सोपी. टायरची एकच कड लिव्हरने रिमबाहेर काढायची, जुनी ट्यूब ब्लेडने कापून ओढून घ्यायची. मग टायरच्या आतून फडकं फिरवायचं. तार असली तर फडकं अडकतं. माझं अडकलं, आणि नखाएवढी तार पक्कडीने निघाली. नवीन ट्यूबचा वाल्व्ह आधी रिमच्या भोकात घालायचा, मग चाक हळूहळू फिरवत ट्यूब आत सरकवत जायचं. मोटरच्या वायरला हातही लागत नाही.

आता टपटप. पहिल्याच दिवशी सपाट रस्त्यावर मागून दर फेऱ्याला एक धक्का जाणवायला लागला. टायरवर खडूने खूण करून बघितलं, धक्का बरोबर जोडाच्या जागी. ऑफिसला पोचेपर्यंत डोक्यात तेवढंच. मैत्रीण मागून येत होती, तिला काहीच ऐकू येत नव्हतं, पण मला सीटवर ते कळायचं. मी ट्यूब परत पाठवायच्या तयारीत होते.

त्याआधी एकदा कड पुन्हा काढून बघितलं, तर एक टोक किंचित दुमडून बसलं होतं. टोकांना टाल्कम पावडर चोळली, आधी थोडीच हवा भरली, चाक जमिनीवर चार-पाच वेळा आपटलं, मग पूर्ण भरली. टपटप बरीच कमी झाली. उरलेली हवेच्या दाबावर आहे: माझ्या टायरला ४५ पीएसआय असेल तर जवळपास काहीच जाणवत नाही, ३०च्या आसपास आलं की परत सुरू. त्यामुळे दर रविवारी गेज लावणं आलं. वाल्व्ह मोटरसायकलसारखा असल्याने पेट्रोल पंपावरही हवा भरता येते, ही सोय मोठी आहे.

मत पूर्ण पालटलं ते परवा, कांजूरमार्गजवळ पुन्हा पंक्चर झाल्यावर. चाक न खोलता साधी ट्यूब काढायची तर ती कापावीच लागते. ही मात्र अख्खी ओढून हातात घेतली, चहावाल्या काकांनी बादली दिली, छिद्र सापडलं, साधाच पॅच लावला आणि तीच ट्यूब परत घातली. चौपट किमतीचा राग तिथे गेला. एकदा घेतली की फेकायची नाही, पॅच लावून चालवायची.

पुढच्या चाकाला मोटर नाही, तिथे मी साधीच ट्यूब ठेवलीय.

मागवताना टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा बघा. माझ्यावर ५०-५५९ आहे, म्हणजे २६ इंची. २७.५ इंचीला दुसरा आकडा ५८४ असतो, २९ इंचीला ६२२. या ट्यूबला लांबी चुकून चालत नाही: आखूड पडली तर मध्ये फट राहते, लांब झाली तर टोक दुमडतं आणि टपटप काही केल्या जात नाही.