ओपनिंगच्या टीपा पडद्यावर कशा मांडाव्यात: परिच्छेद, झाड की तक्ता?

बुद्धिबळाच्या ॲपमध्ये टीपांसह ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) दाखवायचं तर तीन मांडण्यांतून निवड करावी लागते. सोप्या ओपनिंगवर तिन्ही सारख्याच छान दिसतात, म्हणून कस लावायला सिसिलियन नायडॉर्फ हे भरपूर फाट्यांचं ओपनिंग घ्या. काळ्याने पाचव्या चालीला ए६ केलं (नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल) की पांढऱ्यापुढे उंट जी५, उंट ई३, उंट ई२, उंट सी४, एफ४, एच३ असे पर्याय. उंट जी५, ई६, एफ४ झालं की काळ्याचे पुन्हा उंट ई७, वजीर बी६, घोडा बीडी७ (बी-पट्टीतला घोडा डी७ वर), बी५ असे फाटे.

परिच्छेदात मुख्य चाली ठळक आणि फाटे कंसात येतात. लांब टीप यातच नीट मावते आणि फोनवरही चालते. अडचण कंसातल्या कंसाची: तिसऱ्या पातळीनंतर वाचक चाली सोडून कंस मोजू लागतो. त्यामुळे पहिल्या पातळीचा फाटा नव्या ओळीवर, दुसरा कंसात आणि तिसऱ्यापासून पुढचं सगळं मिटलेलं, टिचकीने उघडणारं ठेवा. मध्ये टीप किंवा फाटा आला तर काळ्याच्या चालीआधी ‘६...’ (काळ्याची सहावी चाल) असा क्रमांक पुन्हा छापायलाच हवा.

झाडात प्रत्येक फाट्याला आत सरकवलेली स्वतंत्र ओळ मिळते. पाठांतराला हे उत्तम, कारण कुठे किती पर्याय आहेत ते एका नजरेत कळतं. पण पातळीमागे १६ पिक्सेल सरकवले तर ३६० पिक्सेलच्या फोनवर सहाव्या पातळीला ९६ पिक्सेल नुसती मोकळी जागा जाते. शिवाय चार ओळींची टीप आली की झाडाचा आकारच हरवतो.

तक्ता म्हणजे ओपनिंगच्या जुन्या ज्ञानकोशांची पद्धत: चाली आडव्या, फाटे उभे, शेवटी मूल्यमापनाचं चिन्ह, टीपा खाली. सहा-सात फाटे शेजारी ठेवून ताडायला याला तोड नाही. फोनवर मात्र निरुपयोगी.

आमचा कौल: मूळ दृश्य परिच्छेदाचं, सरावासाठी झाड, तक्ता फक्त मोठ्या पडद्यावर.

खरी गडबड होते ती मांडणीच्या खाली, माहिती साठवताना. ६. उंट ई३ ई५ ७. घोडा बी३ उंट ई६ ८. एफ३ आणि ६. एफ३ ई५ ७. घोडा बी३ उंट ई६ ८. उंट ई३ या दोन्ही वाटा एकाच स्थितीत पोचतात. टीप चालीला चिकटवली असेल तर एका फाट्यात दुरुस्ती होते आणि दुसऱ्यात शिळा मजकूर राहतो. टीप स्थितीला जोडा. स्थिती ओळखताना फेनचे (पटावरची स्थिती एका ओळीत लिहिण्याच्या पद्धतीचे) पहिलेच चार भाग घ्या: सोंगट्या, चाल कोणाची, कॅसलिंगचा (राजा-हत्तीच्या एकत्र चालीचा) हक्क, आं पासां (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने जाता जाता मारणं). सगळी फेन घेतली तर जुळणी फसते, कारण वरच्या उदाहरणात अर्ध्या चालींचा आकडा (शेवटच्या प्याद्याच्या चालीनंतर किंवा मारामारीनंतर झालेल्या एकेका बाजूच्या चाली) पहिल्या वाटेने ० आणि दुसरीने ३ येतो. आं पासांचा चौकोनही प्यादं खरंच मारता येत असेल तरच धरा. काही प्रोग्रॅम तो दोन घरांच्या प्रत्येक चालीनंतर लिहितात.

पीजीएन (डाव, फाटे आणि टीपा साठवायची मजकुरी) फाइल वाचतानाही एक सापळा आहे. कंसातला फाटा कंसाच्या आधी छापलेल्या चालीला पर्याय असतो, म्हणून त्या चालीच्या आधीच्या स्थितीपासून तो खेळायचा. आणि फाट्याच्या पहिल्या चालीआधीही टीप असू शकते. चालीमागे टीपेची एकच जागा ठेवली, तर ‘आता इतर पर्याय पाहू’ छापाची ही वाक्यं फाइल पुन्हा जतन करताना गुपचूप गळतात.