पवईचं इन्क्युबेटर की धारावीचा गाळा?

हातात नवं उत्पादन, खिशात मोजके पैसे. मुंबईत सुरुवात कुठे करावी?

पवईत आयआयटी मुंबईचं 'साइन' हे इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना सुरुवातीला आधार देणारं केंद्र, 2004 पासून आहे. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज तिथेच वाढली, 2023 मध्ये शेअर बाजारात आली. प्रयोगशाळा, मार्गदर्शक, गुंतवणूकदारांशी ओळख, सगळं एका छताखाली. पण निवड कडक, आणि इन्क्युबेटर सहसा कंपनीत थोडा हिस्सा घेतात.

धारावीत अर्ज नाही, सादरीकरण नाही. चामड्याच्या बॅगेचा नमुना करायचाय? कटिंगवाला एका गल्लीत, शिलाईवाला पुढच्या, चेन-बक्कल कोपऱ्यावरच्या दुकानात. पट्टा चुकीच्या जागी लागला तर कारागीर टाके उसवून तिथल्या तिथे बदलून देतो, वर कुठलं अस्तर टिकेल तेही सांगतो. हा सल्ला फुकट मिळतो आणि लाखमोलाचा असतो. भांडवल मात्र स्वतःचं किंवा उधारीचं, आणि पुनर्विकासामुळे गाळ्याचा भरवसा नाही.

ड्रोन, सेन्सर, वैद्यकीय उपकरणं असतील तर पवईच. अशा उत्पादनांत चाचण्यांशिवाय पाऊल पुढे पडत नाही. बॅगा, कपडे, मातीची भांडी असतील तर मी बेधडक धारावी सांगेन. एक गोष्ट मात्र खटकते: 2016 च्या 'स्टार्टअप इंडिया' या केंद्र सरकारच्या योजनेत एकल मालकीच्या धंद्याला मान्यता मिळत नाही. म्हणजे एकट्याच्या नावावर गाळा चालवणारा कारागीर कितीही कल्पक असला, तरी तो बाहेरच.