चार इंच जागेसाठी गाडीची सीट बदलायला दिली, आणि काय झालं ते वाचा

माझे बाबा उमरेडला राहतात. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा अजून पूर्ण वाकत नाही, आणि दर महिन्याला तपासणीसाठी त्यांना नागपूरला आणावं लागतं. पुढची डावी सीट पार मागे सरकवली तरी त्यांचा गुडघा डॅशबोर्डला टेकायचा. वाटेतलं पाचगाव येईपर्यंत ते मांडी दोन्ही हातांनी धरून बसलेले असायचे. हे बघवत नव्हतं, म्हणून सीटचं काम करणाऱ्याचा शोध सुरू केला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण काय घडलं ते सगळं लिहितो. आई-वडिलांसाठी असंच काम करून घ्यायला निघालेले आणखी कितीतरी जण असतील.

दुकानदार बोलायला फार गोड. गाडीत डोकावून म्हणाला, "भाऊ, दोन घंट्यात चार इंच जागा काढून देतो. बाबूजी आरामात पाय लांबवून बसतीन." त्याच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या सीटची रेल, म्हणजे सीट जिच्यावर पुढे-मागे सरकते ती पट्टी, आखूड होती. ही सीट त्याला द्यायची, वर १८ हजार द्यायचे, आणि तो मोठ्या गाडीची लांब रेलवाली सीट माझ्या सीटसारख्याच कापडाचं कव्हर चढवून बसवणार. बाबा फोनवर म्हणाले, "कायले एवढा खर्च करून राहिला बापा?" मी ऐकलं नाही.

पहिली खूण तिथेच दिसली होती. मी काम बघत थांबतो म्हटलं, तर "आत जागा नाही जी, संध्याकाळी या" असं उत्तर मिळालं. मे महिन्याचं ऊन होतं, मीही घरी आलो. दुसरी खूण पैसे देताना. पाच हजार क्यूआर कोडवर पाठवले, तर स्क्रीनवर दुकानाचं नाव नव्हतं, कुण्या भलत्याच माणसाचं होतं. "भाच्याचं खातं आहे," म्हणाला. उरलेले १३ हजार रोख घेतले. बिल म्हणून हाती आला एका वहीतला कागद, त्यावर फक्त 'सीट काम' आणि रक्कम. ना जीएसटी क्रमांक, ना शिक्का, ना जुनी सीट घेतल्याची नोंद.

सीट दिसायला झकास होती. माझी गाडी वरच्या व्हेरियंटची, म्हणजे पुढच्या सीटच्या पाठीतच बाजूची एअरबॅग असते, आणि तशी चिठ्ठी शिवणीत लावलेली असते. नव्या कव्हरवरही ती चिठ्ठी बरोबर त्याच जागी होती. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवाही पेटलेला नव्हता. मला आणखी काय हवं होतं?

तीन आठवड्यांनी उमरेड रोडवर एक गाय आडवी आली. वेग पन्नासच्या आसपास असेल. ब्रेक दाबला, आणि डावीकडून 'कट्' असा आवाज आला. बाबांची अख्खी सीट पुढे कलली आणि त्यांचा ऑपरेशनचा गुडघा डॅशबोर्डवर आदळला. ते ओरडले नाहीत, नुसता माझा दंड घट्ट धरला. तो क्षण अजून डोळ्यांसमोरून जात नाही. नशिबाने हाड शाबूत होतं, पण सूज उतरायला पंधरा दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी गाडी नागपुरातल्या दिघोरीतल्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने आधी बॅटरीची तार काढली, थोडा वेळ थांबला आणि मग सीट उपसली. मी शेजारी उकिडवा बसून बघत होतो. मोठ्या गाडीची लांब रेल वगैरे काही नव्हतंच. एका अपघातग्रस्त गाडीची भंगारातली सीट होती, तिची मूळ रेल, आणि त्या रेलला मागच्या बाजूने जोडलेल्या दोन लोखंडी पट्ट्या. वेल्डिंगचे टाके उंचसखल, वरून काळा रंग फासलेला. मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हरने रंग खरवडला तर एका टाक्यात नखभर भेग. सीटला चार बोल्ट असतात. त्यातले पुढचे दोनच गाडीच्या मूळ जागी होते. मागचे दोन पत्र्यालाच भोक पाडून आवळले होते, आणि त्यातला एक उपटून निघाला होता.

मग त्याने पिवळं कपलर (तारा जोडायचा प्लग) दाखवलं. एअरबॅगच्या वायरिंगचं कपलर पिवळं असतं. ते सीटला जोडलेलंच नव्हतं. त्याच्या तोंडात तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा छोटा पुर्जा) खुपसून वर टेप गुंडाळला होता. त्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं की एअरबॅग जागेवर आहे, आणि दिवा पेटत नाही. सीटची पाठ उसवली तर आत नुसता फोम. चिठ्ठी मात्र अस्सल, माझ्याच सीटची उसवून इथे शिवलेली. बाबांनी बेल्ट लावला नाही तरी हल्ली बीप वाजत नव्हती. माझ्या ते ध्यानात आलं होतं, पण मी त्याकडे लक्ष दिलं नाही. वजन ओळखणारा सेन्सरही असाच फसवला होता.

मेकॅनिकने जे समजावलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्या दुकानाची पायरी चढलो नसतो. बेल्टचं बक्कल सीटलाच अडकवलेलं असतं, त्यामुळे धडकेत माणसाचं वजन त्या चार बोल्टांवर आणि रेलवर येतं. सीट ठरलेल्या जागेच्या मागे नेली की दाराजवळच्या खांबावरून येणारा बेल्ट खांद्यावर नीट बसत नाही, पुढून अधांतरी राहतो. बाजूची एअरबॅग फुगते तीही माणूस ठरलेल्या जागी बसलाय असं धरूनच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे मनमानी बदल चालत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. मालकाला, दुकानदाराला नव्हे. विम्याचा दावा अडकायलाही हे निमित्त पुरतं.

दुकानदाराकडे गेलो तर आधी ओळखच दाखवेना. रेझिस्टरचा फोटो आणि यूपीआयची नोंद पुढे ठेवली तेव्हा आठ हजार परत दिले. जुनी सीट? "विकल्या गेली भाऊ." कंपनीकडून एअरबॅगसकट नवी सीट बसवायला ४१ हजार लागले. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. हातात पक्कं बिल असतं तर हेच काम किती सोपं झालं असतं! ज्यांनी कुठे असं काम करून घेतलंय त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून सीटखाली बघा. काळ्या रंगाखाली टाके दिसले, किंवा पिवळं कपलर टेपमध्ये गुंडाळलेलं दिसलं, तर त्या सीटवर कुणाला बसवू नका.

बाबांचा प्रश्न शेवटी त्यांच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सोडवला. पुढची डावी सीट पार पुढे ढकलायची, बाबांना तिच्या मागे बसवायचं आणि तिथला बेल्ट लावायचा. पाय जवळजवळ सरळ होतो. खर्च काही नाही.

माझी मूळ सीट मात्र आता नागपुरात कुणाच्या तरी गाडीत असेल. राखाडी कापड, बसायच्या जागी डाव्या कडेला हळदीचा फिकट डाग, आईच्या हातून डबा कलंडला होता त्याचा. पाठीच्या शिवणीतली चिठ्ठी उसवलेली असेल. आत जिवंत एअरबॅग आहे. कुणाला अशी सीट स्वस्तात मिळाली असेल तर स्वतः तारांना हात लावू नका, बॅटरी काढून जाणकाराकडून तपासून घ्या.