ऑडी टीटी सोडून पोर्शे ७१८ केमन घ्यावी का?

महागड्या जर्मन गाड्या मराठवाड्याला नव्या नाहीत. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज एकाच वेळी खरेदी केल्या आणि ती बातमी देशभर गाजली. परंतु केवळ चालवण्याच्या आनंदासाठी दोन दारांची, बुटकी, वेगवान गाडी घेणारे लोक आपल्याकडे अजूनही मोजकेच आहेत. त्यामुळे अशा गाड्यांविषयी वाचायला मिळते ते बहुतेक करून जर्मनीतल्या किंवा फार तर मुंबईतल्या रस्त्यांवरचे असते. काळ्या मातीवरचे रस्ते, एप्रिल-मेमधले ऊन आणि सेवा केंद्रापर्यंतचे अंतर हे सगळे धरून निर्णय कसा घ्यावा, हा विचार येथे मांडतो आहे.

माझ्याकडे तिसऱ्या पिढीची ऑडी टीटी आहे. २०१५ मध्ये भारतात आलेल्या या गाडीत दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती आणि चारही चाकांना ताकद पोहोचवणारी क्वाट्रो यंत्रणा आहे. हंगेरीतील ग्योर येथे नोव्हेंबर २०२३ मध्ये शेवटची टीटी तयार झाली आणि कंपनीने तिची जागा घेणारी दुसरी गाडी आणली नाही, म्हणजे टीटी देऊन नवी टीटी घेण्याचा मार्गच उरला नाही. ज्या गाडीकडे माझे लक्ष आहे त्या पोर्शे ७१८ केमनचे पेट्रोल इंजिनावरील उत्पादनही ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. म्हणून ही निवड एका बंद झालेल्या गाडीकडून दुसऱ्या बंद झालेल्या गाडीकडे जाण्याची आहे आणि ती वापरलेलीच घ्यावी लागणार आहे.

टीटीची सर्वांत मोठी जमेची बाजू तिच्या माहितीपत्रकात कधीच नव्हती. तिचे इंजिन आणि सांगाडा फोक्सवॅगन समूहाच्या ज्या कुटुंबातले आहेत, त्याच कुटुंबातली स्कोडा ऑक्टाव्हिया वर्षानुवर्षे आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जात होती. २०१७ मध्ये आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसचे दोन लिटरचे इंजिनही नेमके २३० अश्वशक्तीचे होते. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरमधल्या जाणत्या गॅरेजवाल्याला टीटीचे इंजिन उघडताना परके वाटत नाही. त्याचा हात त्याच घराण्याच्या इंजिनांवर बसलेला असतो आणि देखभालीचे बरेचसे सुटे भाग मिळवताना अडचण येत नाही. पत्रा, काच आणि दिवे मात्र फक्त टीटीचेच आहेत आणि ते परदेशातूनच येतात, म्हणून किरकोळ धडकही महागात पडू शकते.

मग बदल कशासाठी? कारण टीटी उत्तम वेगवान गाडी असली, तरी ती चालकाशी फारसे बोलत नाही. इंजिन पुढच्या चाकांवर आडवे बसवलेले असल्यामुळे वजनाचा मोठा वाटा नाकाकडे राहतो. सरळ रस्त्यावर हे जाणवत नाही. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या औट्रम घाटात मात्र प्रत्येक तीव्र वळणावर नाक बाहेरच्या बाजूला ओढ घेते, आणि क्वाट्रो ते सावरून घेत असली तरी हातांना रस्त्याची खबर फार कमी मिळते. या घाटातून अवजड वाहनांच्या वाहतुकीला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२३ मध्ये बंदी घातली, तेव्हापासून तेथे मालमोटारींच्या रांगेमागे रखडावे लागत नाही आणि गाडीचा स्वभाव नीट पारखता येतो.

एका स्नेह्यांनी त्यांची ७१८ केमन मला समृद्धी महामार्गावर आणि याच घाटात चालवू दिली, त्याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे, कारण कागदावरच्या आकड्यांवरून जे कधीच कळले नसते ते पहिल्या काही वळणांतच कळले. केमनचे इंजिन आसनांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे असते. वजनाची विभागणी साधारण ४५ टक्के पुढे आणि ५५ टक्के मागे अशी पडते. सुकाणू वळवताच गाडी नाकापासून नव्हे, तर चालकाच्या कमरेपासून वळते असे वाटते, आणि रस्त्याचा खडबडीतपणा, डांबराचा बदललेला पोत, टायरची पकड कुठे संपत आली आहे हे सारे तळहातांना आधीच कळते. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की हा आनंद ताशी ५० किलोमीटरच्या वेगातही मिळतो. समृद्धीवर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि ती पाळलीच पाहिजे. घाटात तर त्याहून कितीतरी कमी वेग योग्य ठरतो. ज्या गाडीची मजा कमाल वेग गाठल्याशिवाय येत नाही ती आपल्या उपयोगाची नाही. केमनला त्या वेगाची गरजच पडत नाही, आणि माझ्या मते तिचा खरा मोठेपणा यात आहे.

दोन लिटरच्या केमनची ताकद ३०० अश्वशक्ती आहे आणि तिचा ३८० न्यूटन मीटरचा जोर (टॉर्क) इंजिनाच्या मिनिटाला १,९५० फेऱ्यांपासूनच मिळू लागतो, त्यामुळे चढावर गिअर सारखे बदलावे लागत नाहीत. आपोआप गिअर बदलणारी पोर्शेची सात गिअरची पीडीके पेटी तर टीटीच्या सहा गिअरच्या पेटीपेक्षा निर्विवाद सरस आहे. आवाजाविषयी मात्र जगभरातून झालेली टीका मला पटते. आडव्या चार सिलिंडरांच्या या इंजिनाचा सूर कोरडा आहे आणि थंड असताना तर तो कानाला खटकतो. ज्यांना आवाज महत्त्वाचा वाटतो त्यांनी सहा सिलिंडर, चार लिटर आणि ४०० अश्वशक्तीची केमनचीच जीटीएस आवृत्ती शोधावी. ती २०२० मध्ये आली, परंतु वापरलेल्या बाजारातही तिची किंमत फार वरची राहते आणि तिची अधिकची ताकद येथील रस्त्यांवर क्वचितच उपयोगात येईल.

नवीच गाडी हवी असणाऱ्यांना बीएमडब्ल्यू एम२ सुचवली जाते. २०२३ मध्ये ९८ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आलेली ४६० अश्वशक्तीची ही गाडी विलक्षण आहे आणि तिच्यात मागे बसायला जागाही आहे, पण तिचे वजन सुमारे १,७०० किलो भरते आणि घाटातल्या वळणावर हलकेपणाच हवा असतो. माझ्यापुरता तो विषय तेथेच संपला.

रस्त्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरचे डांबरी रस्ते एक-दोन वर्षांतच लाटांसारखे वरखाली होतात. अशा रस्त्यावर केमन टीटीपेक्षा कमी आपटते याचे मला आश्चर्य वाटले. तरीही घेताना एक गोष्ट तपासावी: पीएएसएम नावाचे नियंत्रित शॉक अॅब्सॉर्बर असलेली केमन मूळ गाडीपेक्षा १० मिलिमीटर खाली बसते, आणि गावोगावच्या उंच गतिरोधकांवर ते १० मिलिमीटर फार मोलाचे असतात. शिवाय गाडीत जादा चाक नसते. पुढचे टायर २३५ आणि मागचे २६५ रुंदीचे असल्यामुळे पुढचा टायर मागे लावण्याची सोयही नाही. उन्हाळ्यात समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर निघण्यापूर्वी टायरची हवा आणि वय पाहणे कोणत्याही गाडीसाठी आवश्यक आहे. या गाडीसाठी ते अनिवार्य मानावे.

पावसाळ्यात मला टीटीची आठवण येईल हे मी नाकारत नाही. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर काळा चिखल डांबरावर येतो आणि पहिल्या सरीनंतर तो साबणासारखा निसरडा होतो. अशा ठिकाणी क्वाट्रो जो विश्वास देते तो केवळ मागच्या चाकांना ताकद देणारी केमन देऊ शकत नाही. वर्षभर रोज एकच गाडी वापरणाऱ्याने, विशेषतः लातूर, बीड, परभणीच्या आतल्या रस्त्यांवर फिरणाऱ्याने, टीटी सोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लहान मुले असतील तर हा प्रश्न आणखी लवकर सुटतो, कारण टीटीच्या मागच्या छोट्या आसनांवर ती बसू शकतात आणि केमनमध्ये दोनच माणसांची जागा आहे.

देखभालीकडेही डोळसपणे पाहावे लागेल. केमनचे इंजिन वरून दिसत नाही. तेल आणि कूलंट भरण्याची तोंडे मागच्या डिकीत आहेत, बाकी बहुतेक कामांसाठी गाडी लिफ्टवर चढवून खालून हात घालावा लागतो. रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात आणि त्यांच्या जाळ्यांत उसाचे पाचट, कापसाचे तंतू आणि धूळ साचत राहते, म्हणून उन्हाळ्याआधी ते साफ करून घेणे हे येथील मालकाचे कायमचे काम ठरेल. मोठ्या कामासाठी मुंबई गाठावी लागेल. जून २०२५ मध्ये समृद्धीचा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू झाल्याने हा प्रवास पूर्वीइतका त्रासाचा राहिलेला नाही, पण गाडी बंद पडली तर ती ट्रकवर घालून न्यावी लागेल हा खर्च हिशेबात धरलाच पाहिजे. आता सर्वत्र इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळत असल्यामुळे, निवडलेल्या गाडीला किती टक्के मिश्रण चालते हे तिच्या पुस्तिकेत किंवा इंधनाच्या झाकणावर वाचूनच सौदा करावा.

२०१७ मध्ये भारतात आली तेव्हा केमनची एक्स-शोरूम किंमत ८१ लाखांच्या पुढे होती. दिल्ली किंवा केरळमधली गाडी स्वस्त दिसली तरी ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा वाहनकर धरल्यावर ती स्वस्त राहत नाही. ठरलेल्या फेऱ्यांपलीकडे इंजिन किती वेळा गेले याची नोंद गाडीच्या संगणकात असते. ती नोंद अधिकृत सेवा केंद्रात काढून पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

माझे काम शहरातच असते, रोजच्या वापरासाठी घरात दुसरी गाडी आहे आणि कन्नड, म्हैसमाळकडे जाणे ते केवळ चालवण्यासाठीच असते. म्हणून मी बदल करायचे ठरवले आहे: दोन लिटरची, महाराष्ट्रातच नोंदलेली, साध्या सस्पेन्शनची केमन. तशी गाडी मिळाली आणि संगणकातली नोंद स्वच्छ निघाली तरच टीटी विकेन. नाही मिळाली तर टीटीला नवे टायर घालून आणखी काही वर्षे चालवेन.