माथेरानची मिनी ट्रेन : नोव्हेंबर ते ऑगस्ट, सहा फेऱ्यांनंतर

राहायला डोंबिवलीत, त्यामुळे माथेरान काही नवं नाही. पण दरवेळी नेरळहून टॅक्सीनं दस्तुरी, म्हणजे वाहनं जिथवर जातात तिथपर्यंत, आणि पुढे तंगडतोड. नोव्हेंबरात आईनं हट्ट धरला म्हणून पहिल्यांदा मिनी ट्रेनमध्ये बसलो. मग सवयच लागली.

पोहोचायची घाई असेल तर हिच्या नादी लागू नका. वीस-एकवीस किलोमीटरला दोन तासांहून जास्त वेळ लागतो. रूळ जेमतेम दोन फुटांचे, त्यामुळे गाडी डोंगराच्या कडेकडेनं अंग चोरून वळसे घेते. १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या पैशावर ही लाइन टाकली. जुम्मापट्टी स्टेशन सोडलं की मघाशी ज्या रुळावरून आलो तो खाली दिसतो, आणि मग तो दिसतच राहतो. अख्ख्या वाटेत बोगदा एकच, तोही एवढासा की नाव पडलं 'वन किस टनेल'. आईनं अर्थ विचारला. मी घसा खाकरला. "कळतं रे मला इंग्रजी," म्हणाली.

चौथ्या फेरीत एक गोष्ट लक्षात आली : खरी मजा उतरताना आहे. चढताना सगळा डबा मोबाइल घेऊन खिडकीला चिकटलेला असतो. परतताना लोक दमून गप्प बसतात आणि चाकांचा आवाज नीट ऐकू येतो. पूर्वी डब्याडब्यावर हाताने ब्रेक लावणारी माणसं असत. तो उतार बघितल्यावर त्यांच्या दंडांची कल्पना येते.

बाकं अरुंद आहेत. समोरच्याच्या गुडघ्यांशी ओळख होतेच. तिकिटाला लवकर जा; एकदा आरामात चहा पीत बसलो आणि गाडी डोळ्यांदेखत गेली. चूक माझीच.

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) बंद, वर अमन लॉज ते माथेरान फक्त शटल. याबद्दल कुरकुर करत नाही. २००५च्या पुरात हा मार्ग वाहून गेला, तो २००७ला परत सुरू झाला; २०१९च्या पावसानं पुन्हा मोडला तो थेट ऑक्टोबर २०२२मध्ये पूर्ववत झाला. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही शटलच पकडली. आईच्या गुडघ्यांसाठी तेवढीही पुष्कळ, पण डोंगर चढल्याचं समाधान तिच्यात नाही. ते हवं असेल तर नेरळहूनच बसा.

आणि पांढरे बूट घालू नका. तिथली लाल माती माझ्या बुटांवर अजून आहे.