कुत्री जुंपली तर: मागचे पाय धरावेत की मधे फळी घालावी?

भांडणाऱ्या कुत्र्याच्या पट्ट्याला हात घालायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं, तरी घातला. आमच्याच शेऱ्यानं मनगट फोडलं. त्या रागात मालकाचा हात कुठला आणि वैऱ्याचं तोंड कुठलं, हे त्याला कुठलं कळायला! नळाखाली साबणानं 15 मिनिटं हात धुतला आणि कोल्हापूरचं सरकारी इस्पितळ, सीपीआर, गाठलं. लसीसाठी मग 3ऱ्या, 7व्या, 28व्या दिवशी हेलपाटे.

पाण्याचा मारा पहिला, यात वाद नाही. पण रंकाळ्यावर फिरताना शेजारी एवढं तळं असून हाताशी तांब्याभर पाणी नसतं. तेव्हा खरा प्रश्न पुढच्या दोन उपायांचा.

मागचे पाय धरण्याला माणसं दोन लागतात, एका कुत्र्यामागं एक. दोघांनी एकदमच मांड्यांपाशी धरून उचलायचं आणि मागं सरकत गोल फिरायचं, म्हणजे कुत्र्याला वळून चावता येत नाही. राजारामपुरीत आमच्या दारात शेजाऱ्यांचा लॅब्रॅडॉर आणि शेऱ्या याच पद्धतीनं सुटले. उपाय चालतो, नाही म्हणत नाही.

पण पुढं काय? मी शेऱ्याचे पाय धरून फिरतोय, पलीकडं ते लॅबचे.

"काका, सोडा की आता!"

"तुम्ही आधी सोडा!"

दूधवाला गाडी थांबवून बघत उभा. शेवटी माझा हात भरून आला, शेऱ्या निसटला आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोन्ही हात गुंतलेले, मग दोरी बांधणार कोण आणि फाटक उघडणार कोण? माझं मन तिथंच उडालं.

आता पोरांचा जुना कॅरम बोर्ड वापरतो. आडवा मधे सारायचा, बोटं मागच्या बाजूला. समोरचं तोंड दिसेनासं झालं की निम्मा जोर ओसरतो, निदान आमच्याकडं तरी. मग बोर्डानंच शेऱ्याला रेटत फाटकाच्या आत घ्यायचं. एकट्यानं जमतं. पावसाळ्यात एकदा छत्री फटकन उघडून मधे धरली, तीही चालली. पण तिचा भरवसा देत नाही.

जबडा घट्ट रुतला असेल तर मात्र फळी शिरायला फटच नसते. तिथं पायच धरावे लागतात, तेही हिसका न देता, पकड सैल होईपर्यंत. ओढलं तर कान फाटतो. सुटल्यावर केस बाजूला करून अंग तपासा. दाताचं भोक वरून तिळाएवढं, आत खोल असतं. डॉक्टरला दाखवलेलं बरं.

शेजारी अजून पायांच्याच बाजूचे. बोर्ड आणेपर्यंत कान शिल्लक राहायचा नाही, म्हणतात. खोटं नाही ते. म्हणून मी बोर्ड माळ्यावरून काढून फाटकाच्या आत भिंतीला टेकवून ठेवलाय.