व्हॅक्यूम बॅग की मलमलीचं फडकं: कोणता कपडा कुठे ठेवायचा?

कपाट भरलं, बेडचा बॉक्स भरला, माळाही भरला की व्हॅक्यूम बॅग घ्यावी का, हा विषय घरात निघतोच. जाहिरातीत रजयांचा ढीग पापडासारखा चपटा होतो, आणि घरीही तो तसा होतो. पैठणीचं, स्वेटरचं, गोधडीचं तेच होईल असं मात्र समजू नये.

बॅग फक्त हवा काढते. त्यामुळे ज्यात हवा जास्त, त्यालाच तिचा खरा उपयोग. फायबरच्या रजया, मिंक ब्लँकेट, फ्लीसची जॅकेटं यांना बॅगच घ्यावी. आकार निम्म्याहून कमी होतो, आणि बाहेर काढून झटकून पसरली की बहुतेक फुगून येतात. शिवाय पॉलिएस्टर ओलावा धरतच नाही म्हटलं तरी चालेल, वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. कोंदट वासाची भीती त्यामुळे कमी.

गोधडीची गोष्ट वेगळी. जुन्या लुगड्यांचे थर टाक्यांनी दाबून बसवलेले, आत हवा असतेच किती? पंप मारून हात दुखतो, जागा फारशी वाचत नाही आणि घडी मात्र कडक पडते. ती पत्र्याच्या ट्रंकेतच बरी. कापसाची दुलई दबते छान, पण महिनोन्‌महिने दाबून ठेवली की कापूस बसतो. मग ती पिंजून घ्यावी लागते, आणि पिंजारी हल्ली शोधून सापडत नाही.

लोकरीबाबत माझं मत: बॅग चालेल, पण एका हंगामापुरती. हाताला कोरडी लागणारी लोकरही वजनाच्या 14-16 टक्के ओलावा सहज धरून असते. दमट दिवशी बॅग बंद केली तर तो ओलावाही आतच राहतो. पुण्या-नाशकात थंडी संपताना हवा कोरडी असते, तेव्हा भरलेले स्वेटर बिनघोर राहतात. मुंबईत आणि कोकणात उन्हाळ्यातही हवा दमट, म्हणून तिथे हे काम फेब्रुवारीतच उरकावं. जूनच्या पहिल्या सरीनंतर तर नकोच.

लोकरीसाठी बॅग घेण्याचं मोठं कारण म्हणजे कसर. बंद बॅगेत बाहेरून नवी कसर शिरत नाही. पण अंडी आधीच कपड्यात असतील तर हातपंपाने हवा काढून ती मरतील या भरवशावर राहू नये. अळ्यांना घामाचे आणि खरकट्याचे डाग विशेष प्रिय. म्हणून गळपट्टी, काखा, बाह्यांची टोकं नीट धुऊन, खडखडीत वाळवून मगच भरावं. ‘एकदाच तर घातला होता’ म्हणून न धुता ठेवलेला स्वेटरच हमखास जाळीदार निघतो.

आता पैठणी, नारायणपेठ, बनारसी, शालू. इथे बॅग नकोच. जर म्हणजे दोऱ्याभोवती गुंडाळलेली धातूची बारीक तार. एकाच जागी घडी राहिली की ती तार तिथेच मोडते आणि पुढे रेशीमही त्याच रेषेवर उसवतं. बॅगेतला दाब नेमका त्या घडीवर पडतो. त्यात ओलावा राहिला तर जर काळवंडते. या साड्यांना धुतलेलं, बिनखळीचं मलमलीचं किंवा जुन्या धोतराचं फडकं हवं. तीन-चार महिन्यांनी साडी उघडावी, सावलीत तासभर वारा द्यावा आणि घडी वेगळ्या जागी घालावी. पदर भरजरी असेल तर घडीच्या वळणात सुती कापडाची सुरळी ठेवावी, म्हणजे कड तीक्ष्ण पडत नाही. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, साडीच्या घडीत नको. डांबराच्या गोळ्या तर जरीजवळ ठेवूच नयेत.

चामड्याचं जाकीट आणि मखमल हँगरवर. सुती शर्ट-कुर्ते बॅगेत बिघडत नाहीत, पण इस्त्रीचं काम तेवढं वाढतं.

बॅग घेणार असाल तर झिपेकडे नीट बघा. खाचेत एक केस अडकला तरी हवा शिरते आणि चार दिवसांत बॅग पुन्हा फुगते. माळ्यावर उंदरांचा वावर असेल तर बॅग ट्रंकेत ठेवा, प्लॅस्टिक कुरतडायला त्यांना वेळ लागत नाही. पिसांचं जाकीट प्रवासापुरतं दाबलेलं चालतं, वर्षभर दाबून ठेवलं तर ऊब कमी होते.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांसाठी एक सांगायचं राहिलं. बॅगेने जागा वाचते, वजन नाही. तेवीस किलोची मर्यादा असेल तर अर्ध्या रिकाम्या दिसणाऱ्या सुटकेसमध्येही ती ओलांडली जाते, म्हणून घरीच काट्यावर बघा. आणि पंपाची बॅग नेऊ नका. विमानतळावर उघडायला लावली तर पुन्हा दाबायची कशी? नुसती गुंडाळून हवा काढता येते तशी बॅग घ्या.